विरल मृदा मूलद्रव्यांचे आयन-विनिमयाने विलगीकरण : अध्यापनातील स्पष्टीकरणाची चिकित्सा

प्रस्तावना :
पदवी स्तरावर लॅन्थनाइडांचे विलगीकरण शिकविताना आयन-विनिमयाचे श्रेय बहुधा राळेला दिले जाते. लॅन्थॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत आयनाची त्रिज्या सुमारे १०३ पिकोमीटरवरून ८६ पर्यंत घटते. लहान आयनाभोवतीचे पाण्याचे वेष्टन मोठे, म्हणून राळेवरील त्याची पकड सैल व तो प्रथम बाहेर पडतो, असे हे स्पष्टीकरण होय. ते चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे.

विवेचन :
सल्फोनिक आम्लगट असलेली राळ शेजारच्या दोन त्रिसंयुजी आयनांत नाममात्रच भेद करते. खरा भेद निक्षालक द्रावणातील जटिलकारक घडवितो. ईडीटीए-जटिलांच्या स्थिरांकाचे लघुगणकीय मूल्य लॅन्थॅनमसाठी सुमारे १५.५, तर ल्युटेशियमसाठी १९.८ आहे. हा ४.३ चा फरक चौदा टप्प्यांत विभागल्यास प्रत्येक टप्प्यास सरासरी ०.३, म्हणजेच स्थिरतेत सुमारे दुपटीची वाढ होते. स्तंभात ही देवघेव असंख्य वेळा घडून अल्प भेद संचित होतो. अमेरिकेत १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेडिंग व सहकाऱ्यांच्या कार्यातही सायट्रेट हेच निर्णायक ठरले होते.

दुसरी उणीव कालसापेक्षतेची आहे. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात आयन-विनिमयाची जागा द्रावक निष्कर्षणाने केव्हाच घेतली. अतिशुद्ध नमुन्यांसाठी मात्र स्तंभ उपयुक्त आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात द्रावक निष्कर्षणावरील संशोधनाची परंपरा असल्याने येथील महाविद्यालयांत या दोन पद्धती एकत्र शिकविणे सहज शक्य आहे. दोन्हींचे मूळ एकच : दोन प्रावस्थांमधील स्पर्धा.

हा प्रश्न केवळ परीक्षेतील उत्तराचा नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात विरल मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर नियंत्रण आणले, तेव्हा खनिज असणे आणि शुद्ध मूलद्रव्य हाती असणे यांतील अंतर स्पष्ट झाले. केरळ, तमिळनाडू व ओडिशाच्या किनारी वाळूत मोनाझाइट आहे; अवघड आहे ते विलगीकरण. राळेलाच सर्वस्व मानणारा विद्यार्थी राळ बदलत राहील. द्रावणाकडे त्याचे लक्ष जाणार नाही.

निष्कर्ष :
हिरवट प्रासिओडिमियम व जांभळट निओडिमियम यांचे मिश्रण एकाच स्तंभावरून एकदा केवळ आम्लाने आणि एकदा सायट्रेटने निक्षालित करून पट्ट्यांची तुलना करावी. राळ तीच राहून फलित बदलते, हे त्यातून विद्यार्थ्यांच्या प्रत्ययास येईल.