पँडोराला पिनकोड नाही

२०१० च्या फेब्रुवारीत हॉलिवुडच्या 'व्हरायटी' या नियतकालिकात जेम्स कॅमेरॉन यांना उद्देशून एक जाहिरात छापून आली. ती सर्व्हायव्हल इंटरनॅशनल या संस्थेने दिली होती. आशय असा, की तुमचा 'अवतार' चित्रपट कल्पनेतला असला तरी ओडिशात तो खराच घडतो आहे. नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण येऊ घातली आहे, तेव्हा तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींना मदत करा. पुढचे बऱ्याच जणांना आठवत असेल. त्याच वर्षी केंद्राने वेदांत कंपनीच्या त्या प्रकल्पाला वनपरवानगी नाकारली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. पडद्यावर मात्र पँडोरा या काल्पनिक जगातल्या नावी लोकांना वाचवायला माणसांच्या फौजेतला जेक सली लागतो. तो त्यांच्यासारखा देह धारण करतो, पिढ्यान्‌पिढ्या कुणाला न जमलेला महापक्षी वश करतो आणि त्यांचा सेनापती होऊन बसतो.

कॅमेरॉन यांची कळकळ खोटी म्हणवत नाही. त्याच वर्षी ते ब्राझीलमध्ये शिंगू नदीवरच्या बेलो मोंते धरणाच्या विरोधात तिथल्या आदिवासींबरोबर उभे राहिले होते. अडचण आहे ती जागेची. पँडोरा कुठेच नाही, म्हणून तिथल्या लुटीचा दोष कुणाच्याच माथी बसत नाही. खाणीमुळे उठलेला आदिवासी आणि त्याच खाणीचा भागधारक हे एकाच थिएटरात शेजारी बसून, एकाच प्रसंगाला टाळ्या वाजवू शकतात. २०२२ च्या दुसऱ्या भागात तुल्कुन या अजस्र जलचराची शिकार आहे, त्याच्या मेंदूतल्या 'अमृता' नावाच्या द्रवासाठी. तेवढा भाग एकदम अंगावर येतो. तिथे व्हेलच्या शिकारीचा खरा इतिहास, त्यातल्या हत्यारांसकट, कॅमेऱ्यासमोर आलेला असतो.

विज्ञानपटांनी पत्ता पुसणे तसे जुनेच. एच. जी. वेल्सने १८९८ च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स'मध्ये, पहिल्याच प्रकरणात, मंगळवासीयांना नावे ठेवण्याआधी युरोपीयांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचे काय केले ते आठवा, असे बजावले होते. १९५३ मध्ये हॉलिवुडने कादंबरी कॅलिफोर्नियात आणली आणि टास्मानिया गळाला. उरले एक भाबडे आक्रमण.

'गोजिरा' या जपानी राक्षसपटाची हकिकत याहून बोलकी आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते, त्यातला रेडिओचालक सप्टेंबरात वारला. नोव्हेंबरात इशिरो होंडा यांचा 'गोजिरा' झळकला. त्याची सुरुवातच डोळे दिपवणाऱ्या प्रकाशात पेटलेल्या जहाजापासून होते. आगगाडीतली एक बाई नागासाकीतून वाचल्याचे सहज बोलून जाते. शेवटी म्हातारा शास्त्रज्ञ इशारा देतो की चाचण्या चालूच राहिल्या, तर आणखी एखादा गोजिरा येईल. १९५६ मध्ये अमेरिकेत जी आवृत्ती लागली तिच्यात रेमंड बर नावाचा अमेरिकी नट वार्ताहर म्हणून मध्ये घुसवला होता. नागासाकी गेले, म्हाताऱ्याचा इशाराही गेला. आपल्यापर्यंत जो रबरी राक्षस पोचला, तो या कापाकापीनंतरचा.

पण मूळ जपानी चित्रपटालाही मी पूर्ण गुण देणार नाही. बिकिनीच्या लोकांना अमेरिकी आरमाराने १९४६ मध्येच बेटावरून हलवले होते. त्यांचा मागमूस 'गोजिरा'त नाही. बिकिनी ज्यांत मोडते त्या मार्शल बेटांवर पहिल्या महायुद्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत राज्य होते ते जपानचेच, त्याचाही नाही. साम्राज्याची शिकार झालेला देश स्वतःचे साम्राज्य किती सफाईने विसरतो! हा धागा आपण जपून ठेवू.

हायाओ मियाझाकी यांच्या 'नौसिका'वरही (१९८४) कात्री चाललीच. या चित्रपटाला पत्ता नाही, हा माझ्या तक्रारीला मोठा अपवाद म्हणून मान्य करावा लागतो. पण त्यात जंगलाकडे पाहण्याची जी शिस्त आहे ती 'अवतार'मध्ये नाही. नौसिका विषारी जंगलातल्या बुरशीचे बीजाणू गोळा करते, तळघरात स्वच्छ पाण्यावर वाढवून पाहते, आणि तिला कळते की विष झाडांत नाही, माणसांनी नासवलेल्या मातीत आहे. जंगल ती माती धुऊन काढते आहे. हे जंगल जाळायला निघालेली फौज परराज्य गिळत आलेली आहे. पर्यावरण आणि साम्राज्य इथे एकाच कथेचे दोन पदर आहेत. पुढच्या वर्षी अमेरिकेत 'वॉरियर्स ऑफ द विंड' नावाने आलेल्या आवृत्तीतून वीसेक मिनिटे उडवली गेली, आणि उडाले ते बरेचसे हेच.

आता कात्री संकलनाच्या टेबलावर लागत नाही, पटकथा लिहितानाच चालते. म्हणून मोठ्या बजेटचे चित्रपट बघताना मी आधी गाव शोधतो. डेनी व्हिलनव्ह यांच्या 'ड्यून'ला (२०२१ आणि २०२४) तारणहाराचा संशय आहे, ही जमेची बाजू. दुसऱ्या भागात चानी या फ्रेमेन तरुणीच्या चेहऱ्यावर तो संशय स्पष्ट दिसतो. पण फ्रेमेनांची, म्हणजे त्या वाळवंटातल्या मूळ रहिवाशांची, भाषा अरबीच्या उसनवारीवर उभी, वाळू जॉर्डन-अबूधाबीची, आणि प्रमुख भूमिकांत अरब नट शोधावे लागतात. वाळवंट हिरवे करण्याचे फ्रेमेनांचे पिढीजात स्वप्न, जे फ्रँक हर्बर्टच्या कादंबरीचा कणा, तेही पडद्यावर ओझरतेच येते.

नुसता पत्ता असूनही भागत नाही. नील ब्लोमकॅम्प यांचा 'डिस्ट्रिक्ट ९' (२००९) थेट जोहान्सबर्गमध्ये घडतो. केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समधून वर्णद्वेषी राजवटीने हजारोंना उठवले, ती आठवण त्याच्या नावातच आहे. परग्रहवासीयांना झोपडपट्टीतून हुसकण्यासाठी कारकून सह्या गोळा करत दारोदार फिरतो, तो प्रसंग वसाहतवादावरच्या कितीतरी ग्रंथांपेक्षा नेमका आहे. पण हाच चित्रपट नायजेरियन माणसे रंगवताना नरभक्षक गुंडांपलीकडे जात नाही. नायजेरियाच्या सरकारने तो चित्रपटगृहांतून उतरवायला सांगितले, त्यात आश्चर्य कसले?

बोंग जून-हो यांच्या 'द होस्ट'चा (२००६) पहिला प्रसंग मात्र बिनचूक. सोलच्या अमेरिकी लष्करी तळावर वरिष्ठ अधिकारी कोरियन सहायकाला फॉर्मॅल्डिहाइडच्या बाटल्या मोरीत ओतायला लावतो. मोरी हान नदीला मिळते. असा प्रकार २००० मध्ये खरोखर घडला होता. त्या नदीतून पुढे निघणारा राक्षस तेवढा दिग्दर्शकाचा.

या साऱ्यांत मला सर्वांत वरचढ वाटतो तो ब्राझीलचा 'बाकुराऊ' (२०१९). क्लेबर मेंदोंसा फिल्यो आणि जुलियानो दोर्नेलेस यांच्या या चित्रपटाला कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक विभागून मिळाले. काळ थोडासा पुढचा. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या सेर्ताओ या दुष्काळी मुलखातल्या बाकुराऊ गावाचे पाणी तोडलेले आहे, टँकर येतो तो गोळ्यांनी भोके पडलेला, महापौर मुदत संपलेले अन्न आणि पुस्तकांचा ढीग ओतून मते मागतो. मग एक दिवस गाव नकाशावरूनच नाहीसे होते. आकाशात तबकडी दिसते. ती निघते ड्रोन. परदेशी पाहुणे माणसांच्या शिकारीला आलेले असतात. त्यांना वाट दाखवणारे दोघे ब्राझिलियनच, पण दक्षिणेकडचे. आम्ही जर्मन-इटालियन वसाहतींच्या मुलखातले, तुमच्यासारखेच, असे ते सांगतात. ऐकणारे आधी हसतात, मग त्यांना गोळ्या घालतात. गावाला वाचवायला कुणी जेक सली येत नाही. गावच्या संग्रहालयात जुन्या बंडांच्या बंदुका भिंतीवर टांगलेल्या असतात. शिकाऱ्यांच्या वाटाड्यांना ते संग्रहालय बघा म्हणून गावकऱ्यांनी सांगितलेलेही असते.

आपल्याकडे '२.०'ने (२०१८) सलीम अलींची आठवण करून देणारा पक्षितज्ज्ञ उभा केला आणि मोबाइलच्या लहरींवर कच्च्या विज्ञानाचा डोंगर रचला. 'कल्की २८९८ एडी'ला (२०२४) तर थेट काशीचा पत्ता आहे. गंगा आटलेली, आणि सगळी साधनसंपत्ती वर ओढून घेणारा 'कॉम्प्लेक्स' डोक्यावर तरंगतो आहे. कल्पना जबरदस्त. पण चित्रपट लगेच महाभारताकडे वळतो, आणि पाणी कुणी, कुणाच्या संमतीने नेले हा प्रश्न मागे पडतो. आपल्या विज्ञानपटांत लुटारू नेहमी वर, आभाळात असतो. 'गोजिरा'पाशी जपून ठेवलेला धागा तो हाच: 'बाकुराऊ'तल्या त्या दोन दक्षिणी ब्राझिलियनांच्या जागी आपल्यातले कोण, हे कोणी विचारत नाही. मराठीत विचारायला जागा आहे. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. जमीन घेणारे सरकार इंग्रजांचे, धरण बांधणारी कंपनी टाटांची, आणि वीज जायची होती मुंबईला.