घोषणापत्रावरील सही : अमेरिकन विद्यापीठीय क्रीडानेतृत्वातील प्रामाणिकपणा आणि उत्तरदायित्व

प्रस्तावना :

खेळामुळे चारित्र्य घडते, हे विधान शिक्षणक्षेत्रात इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याची परीक्षा घेण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. ही परीक्षा विजयाच्या वेळी होत नाही. गैरवर्तन घडल्यानंतर नेतृत्व काय सांगते, केव्हा सांगते आणि त्याची किंमत कोण मोजते, यावरून ती होते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील ओहायो स्टेट आणि पेन स्टेट या दोन विद्यापीठांतील प्रकरणांचा याच तीन अंगांनी विचार केला आहे.

या प्रकरणांची पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाला जे स्थान असते, त्यावरून अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकाच्या स्थानाची कल्पना येणार नाही. या दोन्ही विद्यापीठांच्या क्रीडागारांत एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात आणि मुख्य प्रशिक्षकाचे वेतन अनेकदा कुलगुरूंच्या वेतनापेक्षा कितीतरी अधिक असते. त्यामुळे कागदावर कनिष्ठ असलेली व्यक्ती प्रत्यक्षात वरिष्ठ ठरते. उत्तरदायित्वाचा प्रश्न येथूनच अवघड होऊ लागतो.

ओहायो स्टेट : ठाऊक असूनही नाकारणे

जिम ट्रेसेल हे ओहायो स्टेटचे यशस्वी प्रशिक्षक होते. २००२ च्या हंगामात त्यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २००८ मध्ये त्यांचे ‘द विनर्स मॅन्युअल’ हे जीवनमूल्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. एप्रिल २०१० मध्ये एका वकिलाने त्यांना ई-पत्राने कळवले की, संघातील काही खेळाडू आपल्या जर्सी व स्मृतिचिन्हे टॅटूच्या दुकानाच्या मालकाला विकत आहेत. तेव्हाच्या नियमांनुसार हा अपराध होता. ट्रेसेल यांनी तो विद्यापीठाला कळवला नाही. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी नियमपालनाच्या घोषणापत्रावर सही केली. आपणास ठाऊक असलेला कोणताही नियमभंग आपण दडवलेला नाही, असा त्या सहीचा अर्थ होता. डिसेंबरमध्ये खेळाडूंचे प्रकरण बाहेर आले, तेव्हाही ते गप्प राहिले. अखेर जानेवारी २०११ मध्ये ती ई-पत्रे विद्यापीठाच्या हाती लागली.

गोपनीयतेमुळे आपण बोललो नाही, असे समर्थन ट्रेसेल यांनी नंतर केले. परंतु एका खेळाडूच्या परिचयातील, विद्यापीठाबाहेरच्या व्यक्तीला त्यांनी तो मजकूर पाठवला होता. म्हणजे गुप्तता सर्वांसाठी नव्हती. ज्यांना ती माहिती मिळाल्यास खेळाडू मैदानाबाहेर गेले असते, नेमके तेच अंधारात राहिले.

येथे एक आक्षेप संभवतो. हा नियमच अन्याय्य होता. स्वतःची जर्सी विकणाऱ्या मुलांना प्रशिक्षकाने पाठीशी घातले, तर बिघडले कोठे? २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावापासून व प्रतिमेपासून उत्पन्न मिळवण्याची मुभा मिळाल्याने या आक्षेपाला बळही आले आहे. तथापि ट्रेसेल यांनी नियमाला विरोध केला नव्हता; नियम पाळल्याचे लिहून दिले होते, आणि त्या मौनाचा लाभ संघाच्या विजयांच्या रूपाने त्यांनाही मिळाला. काळाने खेळाडूंच्या कृत्यातील अपराध बराचसा पुसून टाकला. घोषणापत्रातील असत्य मात्र पुसले गेलेले नाही.

विद्यापीठाचे वर्तनही तपासून पाहण्यासारखे आहे. मार्च २०११ मधील पत्रकार परिषदेत प्रशिक्षकाला काढणार का, असे विचारले असता कुलगुरू गॉर्डन गी यांनी, प्रशिक्षकच आपल्याला काढणार नाहीत अशी आशा आहे, असा विनोद केला. विनोदात सत्य होते, म्हणूनच तो बोचतो. ३० मे २०११ रोजी ट्रेसेल यांनी राजीनामा दिला. जुलैमध्ये विद्यापीठाने त्या ‘राजीनाम्या’चे ‘निवृत्ती’त रूपांतर केले आणि अडीच लाख डॉलरचा दंडही माफ केला. एका शब्दाच्या बदलाने दोषाचे रूपांतर सन्मानात झाले.

पेन स्टेट : मौनाची भाषा

पेन स्टेटचे प्रकरण याहून कितीतरी गंभीर आहे. तेथे प्रश्न जर्सीचा नव्हता, बालकांच्या सुरक्षिततेचा होता. माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की यांचे एका मुलाशी संघाच्या स्नानगृहात घडलेले वर्तन २००१ मध्ये एका तरुण सहायकाने पाहिले व मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना सांगितले. पॅटर्नो यांनी ते क्रीडासंचालकांच्या कानावर घातले. बाहेरील बालकल्याण यंत्रणेला कळवण्याचा विचार आधी झाला होता. पुढे तो सोडून देण्यात आला. त्यावेळच्या ई-पत्रांत कुलगुरू ग्रॅहॅम स्पॅनियर यांनी या मार्गाला माणुसकीचा व वाजवी म्हटले. ही माणुसकी कोणासाठी होती, असा प्रश्न पडतो. त्या पत्रव्यवहारात सँडस्की यांचा विचार आहे, संस्थेवर येऊ शकणाऱ्या ठपक्याचाही आहे. मुलगा कोण होता, हे शोधण्याची धडपड मात्र नाही.

२०१२ मध्ये सँडस्की ४५ आरोपांत दोषी ठरले. लुईस फ्री यांच्या अहवालाने वरिष्ठांवर माहिती दडवल्याचा ठपका ठेवला. पॅटर्नो यांचे त्याआधीच निधन झाले होते आणि त्यांच्या कुटुंबाने हा निष्कर्ष नाकारला. अहवालकर्त्यांना पॅटर्नो यांची मुलाखत घेता आली नव्हती, ही त्या अहवालाची मर्यादा होय. मात्र २०१७ मध्ये दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी बालकांचे हित धोक्यात आणल्याचा गुन्हा कबूल केला आणि स्पॅनियर यांनाही त्याच गुन्ह्यात न्यायालयाने दोषी ठरवले. वरिष्ठांना कळवले की आपले कर्तव्य संपले, ही समजूत या प्रकरणात सर्वांत घातक ठरली. माहिती एकेक पायरी वर चढत गेली आणि सर्वोच्च पायरीवर थांबली.

किंमत कोणी मोजली?

एन.सी.ए.ए. या नियामक संघटनेने ओहायो स्टेटला २०१२ च्या हंगामोत्तर सामन्यांतून वगळले. त्या वर्षी संघाने बाराही सामने जिंकले. ज्यांनी काहीही विकले नव्हते, अशा खेळाडूंनाही पुढे खेळता आले नाही. पेन स्टेटला ६ कोटी डॉलरचा दंड व चार वर्षांची हंगामोत्तर बंदी झाली. ही बंदी २०१४ मध्ये उठली आणि रद्द केलेले विजय २०१५ मध्ये परत मिळाले. ट्रेसेल यांच्यावर संघटनेने पाच वर्षांचे निर्बंध लादले. तरी नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याच मैदानात जुन्या खेळाडूंनी त्यांना खांद्यावर घेतले. २०१४ मध्ये ते यंग्सटाउन स्टेट विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि २०२५ मध्ये ओहायोचे उपराज्यपाल. माणसाला दुसरी संधी मिळू नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु मैदानातील विद्यार्थ्याचा हंगाम परत येत नाही, हेही विसरून चालणार नाही.

समारोप :

दोन्ही प्रकरणांची तीव्रता भिन्न आहे. ती एका मापाने मोजणे पीडित बालकांवर अन्याय करणारे ठरेल. तरीही दोहोंत एक समान सूत्र दिसते : जेथे सत्य सांगितल्याने संस्थेला किंमत मोजावी लागली असती, नेमके तेथेच ते अडले. पुरावा हाती लागल्यानंतर आलेली कबुली ही बहुधा परिस्थितीची शरणागती असते. प्रामाणिकपणाची खरी कसोटी त्याआधी लागते. जेव्हा ठाऊक असलेली गोष्ट केवळ आपल्यालाच ठाऊक असते आणि समोर सहीसाठी कोरी जागा असते, तेव्हा. चारित्र्यघडणीचा दावा करणाऱ्या क्रीडानेतृत्वाचे मूल्यमापन त्या क्षणावरूनच व्हायला हवे.