शोधयंत्रांचे मतैक्य

वॉशिंग्टन विद्यापीठात १९९५ साली सुरू झालेल्या ‘मेटाक्रॉलर’ने एकच पृच्छा अनेक शोधयंत्रांकडे एकाच वेळी धाडून, द्विरुक्ती गाळून, एकत्रित यादी सादर केली. त्याने श्रम वाचले, हे निर्विवाद. परंतु अनेक यंत्रांनी सुचविलेल्या पानाचे गुण एकत्र मिळवून ते वर चढविले जाई. असे मतैक्य म्हणजे प्रमाण नव्हे. शिवाय पृच्छा एकच असल्याने तिच्यातील उणीव सर्व यंत्रांपर्यंत पोहोचते. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या ग्रंथांबाबत हे विशेष जाणवते. राजवाड्यांच्या ग्रंथमालेची नोंद ‘साधनें’ अशी असता, केवळ ‘साधने’ शोधणाऱ्याला ती न सापडण्याचा संभव राहतो. दोन्ही रूपांनी शोध घेऊन मूळ नोंद पडताळणे, हे कर्तव्य अखेर अभ्यासकाचेच होय.