साडेअडतीस गोळ्या

विज्ञानाचे पेपर तपासताना आकडा बरोबर पण एकक लिहिलेले नाही, असे उत्तर आले की तुम्ही अर्धा गुण कापत असाल. मुले मग हुज्जत घालतात. 'उत्तर तर बरोबरच आहे ना, बाई!' त्या मुलांना सांगण्यासारखी एक हकीकत अलीकडे पुन्हा वाचली. ती रॉबर्ट वॉक्टर यांच्या 'द डिजिटल डॉक्टर' या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आहे. वॉक्टर हे सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात वैद्यकाचे प्राध्यापक, आणि ही चूक त्यांच्याच रुग्णालयात २०१३ साली घडलेली. आपल्या घरातली चूक चव्हाट्यावर मांडणारे डॉक्टर फार नसतात. या पुस्तकाचा पहिला मोठेपणा तोच.

सोळा वर्षांचा एक मुलगा. प्रतिकारशक्तीच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारामुळे तो बरीच औषधे घेत असे. त्यांत सेप्ट्रा या जंतुरोधक औषधाची एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी. ज्या घटकावरून या औषधाची मात्रा मोजतात, तो एका गोळीत १६० मिलिग्रॅम असतो. मुलगा एका तपासणीसाठी दाखल झाला, तेव्हा त्याचे वजन होते ३८.६ किलो. चाळीस किलोंहून हलक्या मुलांचे औषध 'दर किलोमागे इतके मिलिग्रॅम' अशाच हिशेबाने लिहायचे, असा तिथला नियम. निवासी डॉक्टरांनी त्याप्रमाणे ५ मिग्रॅ/किग्रॅ लिहिले. संगणकाने गुणाकार करून १९३ मिलिग्रॅम हे उत्तर दिले. पण १९३ ची गोळी नसते. म्हणून फार्मासिस्टने निरोप पाठवला की, १६० ची गोळीच द्यायची आहे ना, मग तसे नव्याने लिहा. डॉक्टरांनी पडद्यावरच्या चौकटीत १६० हा आकडा भरला. शेजारच्या चौकटीत एकक आधीपासूनच भरलेले होते: मिग्रॅ/किग्रॅ.

आता फळ्यावर हिशेब करून बघा. १६० गुणिले ३८.६ म्हणजे ६१७६ मिलिग्रॅम. त्याला एका गोळीच्या १६० ने भागले की ३८.६, म्हणजे जवळच्या अर्ध्या गोळीपर्यंत साडेअडतीस गोळ्या. गोळ्यांची संख्या म्हणजे चक्क मुलाचे वजनच! एककाची चूक उत्तरात आपली खूण ठेवून जाते ती अशी. पण ती खूण ओळखायला कोणीतरी उत्तराकडे बघावे लागते.

संगणक गप्प बसला होता असे नाही. मात्रा फार जास्त होते आहे, अशी सूचना त्याने डॉक्टरांना दिली, फार्मासिस्टलाही दिली. दोघांनीही ती बाजूला सारली. हा निष्काळजीपणा म्हणून सोडून देण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्याच संस्थेतील अतिदक्षता विभागांमध्ये २०१३ च्या मार्च महिन्यात संशोधकांनी यंत्रांच्या सूचना मोजल्या. ४६१ रुग्ण, ३१ दिवस, आणि सूचना पंचवीस लाखांहून अधिक. त्यांतल्या कानांना ऐकू येणाऱ्याच धरल्या तरी एका खाटेमागे दिवसाला १८७. हृदयाची लय बिघडल्याचे सांगणाऱ्या साडेबारा हजारांवर घंटा त्यांनी एकेक करून तपासल्या, तर सुमारे ८९ टक्के खोट्या निघाल्या. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. इथे ओरडणारा पोरगा यंत्र आहे, आणि गावकऱ्यांना दिवसाला शेकडो वेळा धावायचे आहे.

पुढे औषधे बांधणाऱ्या यंत्रमानवाने साडेअडतीस गोळ्या मोजून दिल्या, अगदी बिनचूक. वॉर्डातल्या परिचारिकेला शंका आली. त्या दिवशी ती दुसऱ्या विभागातून तिथे आलेली होती. इतक्या गोळ्या कशा, असे तिच्या मनात आले. पण मुलाचा आजार जगावेगळा, आणि बारकोड लावल्यावर पडद्याने तेच सांगितले: साडेअडतीस, बरोबर. डॉक्टरांनी पाहिले, फार्मासिस्टने पाहिले, संगणकानेही पाहिले, मग मीच कोण? मुलालाही नवलाच्या औषधांची सवय होतीच. त्याने सगळ्या गोळ्या घेतल्या. काही तासांनी त्याला मोठा झटका आला, श्वास थांबला. सुदैवाने तो वाचला आणि बरा झाला.

या प्रकरणांत वॉक्टर कोणालाही खलनायक करत नाहीत, हे मला फार आवडले. ते डॉक्टर, फार्मासिस्ट, परिचारिका या प्रत्येकाच्या जागी जाऊन बसतात आणि त्या क्षणी त्याला काय दिसत होते ते दाखवतात. जुन्या कागदी पद्धतीचे गोडवेही गात नाहीत. अमेरिकी रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांनी वर्षाला ४४ ते ९८ हजार माणसे दगावतात, असा अंदाज तिथल्या वैद्यकसंस्थेने १९९९ साली मांडला होता. डॉक्टरांचे अक्षर हा विनोदाचा विषय असला, तरी त्याने माणसे मेली आहेत. संगणक आला तो याच दुखण्यावर औषध म्हणून. २००९ च्या कायद्याने त्यासाठी सरकारी पैसा मिळू लागला. २००८ मध्ये साधी संगणकीय नोंदपद्धत असलेली अमेरिकी रुग्णालये दहा टक्क्यांहून कमी होती, २०१४ पर्यंत ती सुमारे तीन चतुर्थांश झाली.

याची किंमत डॉक्टर-रुग्णांच्या नात्यातून वसूल झाली. 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली सात वर्षांच्या मुलीने रंगखडूंनी काढलेले एक चित्र छापून आले. तपासणीच्या खोलीत ती आहे, घरची माणसे आहेत, आणि डॉक्टर पाठमोरे, संगणकात डोके घालून बसलेले. चार वर्षांनी या चित्राला आकडेही मिळाले. ५७ डॉक्टरांचे काम प्रत्यक्ष बसून पाहणाऱ्या संशोधकांना आढळले की दवाखान्यातला २७ टक्के वेळ समोरच्या रुग्णासाठी जातो आणि सुमारे ४९ टक्के संगणकीय नोंदी व इतर लिखापढीत. शिवाय रात्री घरी तासदोन तास तेच.

इथवर मी लेखकाबरोबर आहे. माझा मतभेद आहे तो शेवटच्या भागाशी. संगणक सुधारतील, हुशार होतील, कामाच्या सूचना तेवढ्या देतील आणि डॉक्टर पुन्हा रुग्णाकडे वळेल, असे भविष्य वॉक्टर रंगवतात. विमानांचे उदाहरणही देतात. बोइंगच्या कॉकपिटमध्ये सूचनांची उतरंड असते, सगळ्याच एकाच पट्टीत ओरडत नाहीत. उदाहरण चांगले आहे, पण विमानाचे पंख रुग्णागणिक बदलत नाहीत. रक्तातला जंतुसंसर्ग वेळीच ओळखण्यासाठी अमेरिकेत शेकडो रुग्णालयांनी वापरलेल्या एका संगणकीय प्रारूपाची मिशिगन विद्यापीठात केलेली तपासणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दाखल झालेल्यांपैकी १८ टक्क्यांबाबत त्याने धोक्याची सूचना दिली, आणि तरीही ज्यांना खरोखर तो आजार होता त्यांच्यातले ६७ टक्के त्याच्या नजरेतून निसटले. म्हणजे ओरडा भरपूर आणि लांडगाही आत. अधिक हुशार यंत्र हे आपोआप कमी बोलणारे यंत्र नसते.

माझ्या मते वॉक्टर यांच्याच हकीकतीतून निघणारा प्रश्न वेगळा आहे. साखळीत शंका आलेले माणूस होते. तिच्या शंकेला जागा नव्हती. 'दिले' आणि 'दिले नाही' यांच्या मधली, 'थांबा, कोणाला तरी विचारते' अशी कृती पडद्याला ठाऊक नव्हती आणि घाईच्या वॉर्डाला परवडणारी नव्हती. ही उणीव अधिक वेगवान संगणकाने भरून येईल असे मला वाटत नाही. ती भरायची तर वॉर्डात माणसे वाढवावी लागतील, आणि थांबणाऱ्याला कोणी रागावणार नाही अशी व्यवस्था करावी लागेल. वॉक्टर हे जाणतात, पण त्यांचा भर यंत्रावर राहतो.

आपल्याकडेही हे दूरचे राहिलेले नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ मध्ये देशभर सुरू झाले, चौदा अंकी आरोग्य क्रमांक खेड्यापाड्यांत पोचले. माझ्या ओळखीच्या एका आशाताई गरोदर बायकांची माहिती मोबाईलमध्ये भरतात आणि तीच पुन्हा वहीतही लिहितात. दुप्पट काम कशाला, असे मी विचारले. त्यांनी वहीचा समास दाखवला. तिथे पेन्सिलीने लिहिले होते: 'बरी आहे म्हणते, पण पुन्हा जाऊन बघणे.' मोबाईलमध्ये यासाठी रकाना नाही, त्या म्हणाल्या.

पुस्तक इंग्रजीत आहे, पण भाषा अवघड नाही. सगळे वाचायला सवड नसेल, तर सेप्ट्राच्या गोळ्यांची प्रकरणे तेवढी अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना द्यावीत, आणि गुणाकार त्यांनाच करू द्यावा.