स्वागताचा दिवस : नेपल्सचा फुटबॉलप्रेक्षक आणि दोन चित्रपट

बीजसंज्ञा : मॅराडोना, नेपल्स, समूहमन, माहितीपट, नवस, प्रेक्षकाचा आवाज

प्रास्ताविक :

५ जुलै १९८४ रोजी नेपल्स शहरातील सान पाओलो मैदानावर कोणताही सामना नव्हता. तरीही सत्तर हजारांहून अधिक माणसे नाममात्र पैसे मोजून प्रेक्षकगॅलऱ्यांत येऊन बसली होती. बार्सिलोना क्लबकडून नापोली क्लबने विकत घेतलेला तेवीस वर्षांचा अर्जेंटिनी खेळाडू दिएगो मॅराडोना त्या दिवशी मैदानाखालच्या वाटेने पायऱ्या चढून वर आला. गळ्यात क्लबच्या रंगाचा मफलर होता. त्याने इटालियन भाषेत लोकांना अभिवादन केले, चेंडू थोडा वेळ पायावर खेळवला, उंच उडवला आणि तो परत गेला. खेळ असा झालाच नाही. मग हा अफाट जनसमुदाय नेमके काय पाहण्यासाठी जमला होता, हा प्रश्न क्रीडापत्रकारितेपेक्षा समूहमनाच्या अभ्यासाशी अधिक निगडित आहे.

या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे दोन चित्रपटांतून मिळतात. पहिला आसिफ कपाडिया यांचा 'दिएगो मॅराडोना' (२०१९) हा माहितीपट आणि दुसरा पाओलो सोरेंतिनो यांचा 'द हँड ऑफ गॉड' (२०२१) हा कथापट. दोहोंच्या केंद्रस्थानी एकच घटना आहे : एका उपेक्षित शहराने जगातला सर्वांत महागडा खेळाडू आणला. मात्र ती घटना कोणाच्या डोळ्यांनी पाहावयाची, याबाबत दोन्ही दिग्दर्शकांच्या भूमिका परस्परविरुद्ध आहेत.

कराराची पार्श्वभूमी :

नापोली क्लबची स्थापना १९२६ सालची. इटलीतील दक्षिणेच्या प्रश्नावर आंतोनिओ ग्राम्शी याने आपला प्रसिद्ध निबंध लिहिला तोही त्याच वर्षी. हा निव्वळ योगायोग असला, तरी क्लबचा पुढील इतिहास त्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. उत्तरेकडील तुरिन व मिलान ही कारखान्यांची, भांडवलाची आणि विजेतेपदांची शहरे होती. नापोलीच्या खात्यावर १९६२ व १९७६ या वर्षांचे इटालियन चषक होते, परंतु राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे विजेतेपद एकदाही नव्हते. १९८३-८४ च्या हंगामात तर हा संघ खालच्या श्रेणीत जाण्यापासून थोडक्यात वाचला होता. नेपल्समध्ये १९७३ साली पटकीची साथ येऊन गेली होती. २३ नोव्हेंबर १९८० च्या भूकंपाने दक्षिण इटलीत सुमारे तीन हजार बळी घेतले आणि नेपल्समध्येही असंख्य कुटुंबे बेघर झाली. उत्तरेकडील मैदानांवर नापोलीचे समर्थक गेले की त्यांना ऐकवल्या जाणाऱ्या घोषणांमध्ये पटकी आणि भूकंप हेच शब्द असत. एखाद्या शहराच्या मृतांचा उल्लेख शिवीसारखा व्हावा, यावरून त्या काळातील दक्षिणद्वेषाची कल्पना यावी.

अशा शहराने सुमारे तेरा अब्ज लिरा मोजून खेळाडू आणला. ही तोवरची विक्रमी किंमत होती. मॅराडोनाच्याच १९८२ मधील बार्सिलोना कराराचा विक्रम तिने मोडला. बोलणी लांबत गेली, तेव्हा काही समर्थकांनी उपोषण केले व काहींनी मैदानाच्या गजांना स्वतःला साखळीने बांधून घेतले, असे वृत्तांत आहेत. शहराला घरे नाहीत, शाळा नाहीत, रोजगार नाही, पण आता मॅराडोना आहे, अशा आशयाचे एक वाक्यही त्या काळातील वृत्तपत्राच्या नावावर वारंवार सांगितले जाते. ते वाक्य उपरोधाचे की अभिमानाचे, हे ठरविणे कठीण आहे. बहुधा दोन्ही भाव त्यात एकत्र आहेत, आणि म्हणूनच ते टिकले.

येथे 'लोकांना गुंगी देणारा खेळ' असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अपुरा आहे. ज्यांच्याकडे घर नाही त्यांना घर नाही हे माहीत नव्हते, असे हा निष्कर्ष गृहीत धरतो. उपोषण हे तर मागणी करणाऱ्याचे साधन आहे. गुंगीत असलेला मनुष्य उपोषणाला बसत नाही.

मोटारीच्या काचेतून :

कपाडिया हे लंडनमध्ये वाढलेले, भारतीय वंशाचे दिग्दर्शक. इरफान खान यांची प्रमुख भूमिका असलेला त्यांचा 'द वॉरिअर' (२००१) भारतातच चित्रित झाला होता. पुढे 'सेना' (२०१०) आणि 'एमी' (२०१५) या माहितीपटांतून त्यांनी स्वतःची एक पद्धत घडविली. मुलाखत देणाऱ्यांचे चेहरे दाखवावयाचे नाहीत, पडद्यावर केवळ तत्कालीन चित्रफिती ठेवावयाच्या आणि त्यांवर आजचे आवाज पसरावयाचे. 'दिएगो मॅराडोना'साठी पाचशे तासांहून अधिक लांबीच्या चित्रफिती त्यांना उपलब्ध झाल्या. मॅराडोनाच्या पहिल्या व्यवस्थापकानेच आपल्या खेळाडूच्या मागे कॅमेरे लावून ठेवले होते.

या चित्रपटाचा आरंभ ५ जुलैच्या त्याच दिवसाने होतो. मोटारींचा ताफा नेपल्सच्या रस्त्यांतून भरधाव धावतो. वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीतामुळे हा प्रवास स्वागताचा न वाटता पाठलागाचा वाटू लागतो. मग मैदान, छायाचित्रकारांची रेटारेटी, आणि पत्रकारांनी खचाखच भरलेली खोली. तेथे एक पत्रकार विचारतो की, कामोरा म्हणजे काय हे मॅराडोनाला ठाऊक आहे काय, आणि या शहरातल्या पैशात, फुटबॉलमध्येही, तिचा हात असतो हे त्याला माहीत आहे काय. कामोरा ही नेपल्समधील संघटित गुन्हेगारी टोळ्यांची यंत्रणा. क्लबचे अध्यक्ष कोर्रादो फेर्लाइनो संतापतात आणि प्रश्नकर्त्याला खोलीबाहेर घालवितात.

चित्रपटकलेच्या दृष्टीने हा आरंभ असामान्य आहे. पुढील सात वर्षांतील घटनाक्रमाची सर्व बीजे या थोड्या मिनिटांत पेरलेली आहेत. परंतु या दृश्यमालिकेत प्रेक्षक कोठे आहे, हे पाहिले असता कपाडियांच्या पद्धतीची मर्यादा ध्यानात येते. कॅमेरा खेळाडूच्या बाजूने उभा आहे. तेथून जनसमुदाय दिसतो तो काचेवर आपटणारे तळवे, उघडी तोंडे आणि गर्जना या रूपात. तो समुद्रासारखा आहे, आणि समुद्राला कोणी काही विचारीत नाही. मॅराडोना, त्याचे आप्त, त्याचे प्रशिक्षक, क्लबचे अध्यक्ष, सहखेळाडू, इतिहासकार हे सर्व बोलतात. समर्थकांच्या वतीने एखादा आवाज येतो, पण भूकंपानंतर तात्पुरत्या निवाऱ्यात राहून त्या दिवशी गॅलरीत आलेला सामान्य मनुष्य चित्रपटभर मुका राहतो.

याचा परिणाम अर्थनिर्णयावर होतो. साध्या, घरगुती 'दिएगो'ला जगासमोरच्या 'मॅराडोना'ने गिळून टाकले, हे प्रशिक्षक फेर्नांदो सिन्योरिनी यांच्या बोलण्यातून आलेले द्वंद्व चित्रपटाने आपला कणा मानले आहे. हे द्वंद्व प्रभावी आहे यात शंका नाही. पण 'मॅराडोना' कोणी घडविला असे विचारताच बोट गर्दीकडे वळते. गर्दीचे प्रेम हाच शोकांतिकेतील खलनायक ठरतो. स्वागतासाठी आलेल्या माणसाला, त्याचे म्हणणे ऐकून न घेताच, दोषी ठरविले जाते.

घराच्या आतून :

सोरेंतिनो स्वतः नेपल्सचे आहेत. १९८४ साली ते शाळकरी वयात होते. त्यांच्या चित्रपटात मॅराडोना जवळजवळ नाहीच. आहे ती त्याची वाट. फाबिएत्तो या किशोराच्या कुटुंबात, जेवणावळीत, नातेवाइकांच्या थट्टेत एकच विषय पुनःपुन्हा येतो : तो खरोखर येईल काय? बार्सिलोना सोडून या बकाल शहरात कोण येणार, हा अविश्वास एका बाजूला, आणि तो आला नाही तर आपण जीव देऊ असे सांगणारा वयोवृद्ध आल्फ्रेदोकाका दुसऱ्या बाजूला. एका रात्री थोरला भाऊ फाबिएत्तोला विचारतो की, मनातल्या मनात जिच्यासाठी तो झुरतो ती मावशी आणि मॅराडोनाचे नापोलीत येणे यांपैकी त्याला एकच मिळणार असेल तर तो काय निवडील. मुलगा मॅराडोना निवडतो. प्रसंग विनोदी आहे, पण त्यामागे अपेक्षेचे केवढे वजन आहे ते लपत नाही.

कपाडियांना जी गर्दी दिसते, तिच्यातली एकेक खुर्ची सोरेंतिनो भरून दाखवितात. १९८६ च्या विश्वचषकातील इंग्लंडविरुद्धचा हाताने केलेला गोल पाहताना आल्फ्रेदोकाका त्यात फॉकलंड युद्धाचा सूड आणि राजकीय क्रांती पाहतो. नियमांच्या दृष्टीने तो गोल लबाडीचा होता. परंतु नियम ज्यांनी केले त्यांच्या दाराशी कायम उभे राहावे लागलेल्या माणसाला ती लबाडी कशी दिसते, हे एका वृद्धाच्या उत्तेजित चेहऱ्यावरून कळते. कोणत्याही समाजशास्त्रीय विवेचनापेक्षा ते अधिक स्पष्ट कळते.

चित्रपटाचे शीर्षक मात्र केवळ त्या गोलाविषयी नाही. सोरेंतिनो सोळा वर्षांचे असताना डोंगरावरील घरात विषारी वायूमुळे त्यांच्या आईवडिलांचा मृत्यू झाला. ते स्वतः नापोलीचा सामना पाहण्यासाठी एम्पोलीला गेले असल्याने वाचले. चित्रपटात अंत्यविधीच्या वेळी आल्फ्रेदोकाका मुलाला सांगतो की, त्याला मॅराडोनानेच वाचविले. क्लबचा करार येथे एका अनाथ मुलाच्या जगण्याचे कारण होतो. सोरेंतिनोंच्या बाबतीत एक आक्षेप घेता येतो. त्यांचे कुटुंब सुस्थितीतील मध्यमवर्गीय आहे, वडील बँकेत नोकरीला आहेत. बाल्कनीतून दिसणारे नेपल्स आणि अरुंद गल्लीतून दिसणारे नेपल्स एक नव्हे. कामोराचा प्रश्नही त्यांच्या बाल्कनीपर्यंत फारसा पोहोचत नाही. तो विचारल्याचे श्रेय कपाडियांनाच द्यावे लागेल.

नवस आणि त्याची फेड :

नेपल्सच्या समर्थकांच्या या प्रतिक्रियेला क्रीडालेखनात 'दैवतीकरण' हा शब्द सर्रास वापरला जातो. तो शब्द खरा आहे, पण अर्धवट. नेपल्सचा ग्रामदेव म्हणावा असा संत जेन्नारो. त्याचे कुपीत जतन केलेले रक्त ठरावीक दिवशी वितळावे अशी श्रद्धा आहे. ते वितळण्यास विलंब झाला की संताच्या नातेवाईक म्हणविल्या जाणाऱ्या वृद्ध स्त्रिया पुढे बसून त्याची खरडपट्टी काढतात. ही भक्ती शरणागतीची नाही, हक्काची आहे. जनाबाईचे विठ्ठलाशी होणारे भांडण ज्यांच्या परिचयाचे आहे त्या मराठी वाचकाला ती समजावून सांगण्याची गरज नाही. स्वागताच्या दिवशी सान पाओलोवर जमलेल्यांनी असाच एक नवस बोलला होता. आम्ही तुला आमचे सर्व देतो. तू आम्हांला उत्तरेपुढे ताठ मानेने उभे कर.

नवस फळण्यास वेळ लागला. १६ सप्टेंबर १९८४ रोजी पहिल्याच साखळी सामन्यात वेरोनाने नापोलीला ३-१ असे हरविले. तो हंगाम आठव्या स्थानावर संपला. समर्थक टिकून राहिले. १० मे १९८७ रोजी फिओरेंतिनाशी १-१ अशी बरोबरी साधून नापोलीने पहिले विजेतेपद मिळविले. दक्षिण इटलीच्या मुख्य भूमीवरील क्लबचे ते पहिलेच विजेतेपद होते. १९८९ साली युएफा चषक आणि १९९० साली दुसरे विजेतेपद आले.

आणि मग फेडीची वेळ उलटी आली. ३ जुलै १९९० रोजी विश्वचषकाचा इटली-अर्जेंटिना हा उपान्त्य सामना नेमका नेपल्समध्येच झाला. वर्षातले ३६४ दिवस तुम्हांला हिणविणारे लोक आज एका दिवसापुरते तुम्हांला इटालियन म्हणवीत आहेत, अशा आशयाचे आवाहन मॅराडोनाने नेपल्सवासीयांना केले. ज्याने नवस फेडला तो आता दान मागत होता. त्यावर मैदानातील एका फलकावर मिळालेले उत्तर असे होते की, नेपल्सचे तुझ्यावर प्रेम आहे, पण इटली आमची मायभूमी आहे. हा फलक समूहाच्या विचारशक्तीचा पुरावा मानावा लागेल. आंधळी गर्दी असा भेद करीत नाही. अर्जेंटिना पेनल्टींवर जिंकली. मार्च १९९१ मधील चाचणीत मॅराडोनाच्या शरीरात कोकेनचा अंश सापडला, पंधरा महिन्यांची बंदी आली आणि त्याने नेपल्स सोडले.

येताना हजारो होते, जाताना आपण एकटे होतो, अशी खंत तो कपाडियांच्या चित्रपटात व्यक्त करतो. ती हृदयद्रावक आहे. पण गॅलरीतल्या माणसाला त्या रात्री काय वाटले, हे विचारण्यास पुन्हा एकदा कोणी जात नाही. चित्रपटाबाहेर त्याचे थोडेसे उत्तर शहराच्या भिंतींवर आहे. क्वार्तिएरी स्पान्योली या दाट वस्तीत १९९० साली एका इमारतीच्या भिंतीवर मॅराडोनाचे भव्य चित्र रंगविले गेले. तो गेला, चित्राचे रंग विटले, आणि पुढे तेथे राहणाऱ्या कोणीतरी घरात उजेड यावा म्हणून नेमकी त्याच्या चेहऱ्याच्या जागी खिडकी पाडली. कित्येक वर्षे ते चित्र तसेच, बिनचेहऱ्याचे होते. २०१६ नंतर चित्राचा जीर्णोद्धार झाला तेव्हा खिडकी बुजविली गेली नाही. चेहरा तिच्या झडपांवर रंगविण्यात आला.