एका ऐरणीवरची तीन पाती

आपल्याकडे समीक्षेचा मान फार थोड्या वस्तूंना मिळालेला आहे. नाटक, कीर्तन, भजन, देवळाची दीपमाळ, मूर्तीची घडण, समईची बैठक यांविषयी आपण तासन् तास बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या पात्याने आपण सुपारी कातरतो, नारळ फोडतो किंवा पेन्सिलीला टोक काढतो, त्या पात्याविषयी चार विचारपूर्वक वाक्ये लिहिलेली क्वचितच आढळतात. पाते कापते की नाही, एवढाच आपला प्रश्न असतो. ते कसे कापते, किती दिवस कापते आणि तसे का कापते, हे विचारण्याची सवय आपण गमावून बसलो आहोत. ही सवय गेल्यामुळे नुकसान कोणाचे झाले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

याला एक सन्मान्य अपवाद आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते ज्यांनी पाहिले असतील, त्यांना एका सामान्य घरगुती अवजारात केवढी कल्पकता सामावू शकते याची प्रचीती आली असेल. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेला हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथे पक्ष्यांच्या आणि मनुष्याकृतींच्या घाटाचे अडकित्ते आहेत. तथापि काचेआडच्या अडकित्त्याला सुपारी कातरावी लागत नाही. त्याचा आकार दिसतो, धार दिसत नाही; सांधा दिसतो, सांध्याची घट्टी हाताला कळत नाही. अवजाराची परीक्षा डोळ्यांनी निम्मीच होते. उरलेली निम्मी मनगटाने करावयाची असते.

मी येथे ज्या तीन वस्तूंचा विचार करणार आहे, त्या तिन्ही डिचोली तालुक्यातील एकाच लोहाराच्या ऐरणीवर घडल्या आहेत: एक चंचीत मावणारा अडकित्ता, एक लहान कोयती आणि एक मिटता चाकू. तिन्ही मी वापरल्या आहेत. लोहाराचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही, कारण विषय एका व्यक्तीचा नसून एका धंद्याचा आहे. डिचोलीत आणि पेडण्यात अशा एकट्याने चालणाऱ्या भट्ट्या अद्याप आहेत. पाहू जाणाऱ्याला त्या सापडतात.

या तिघांना एकत्र तोलण्यास कोणी हरकत घेईल. कोयती ही काही खिशात ठेवण्याची वस्तू नव्हे, असे म्हटले जाईल. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या पोशाखाला खिसा होता कोठे? खिशाचे काम चंची आणि कंबर ही दोघे मिळून करीत. चंचीत पान, सुपारी, चुना आणि अडकित्ता. कमरेच्या आकडीला कोयती. अंगाबरोबर वागवावयाचे पाते म्हणजे आपल्याकडे ही दोनच. मिटता चाकू सदऱ्या-कोटाच्या खिशाबरोबर आला. पोर्तुगीजांत त्याला ‘कनिवेत’ म्हणतात, आणि त्यांच्या देशाच्या ईशान्य टोकाला पालासोलो नावाचे गाव या चाकूंच्या घडणीसाठीच प्रसिद्ध आहे. तेव्हा आपल्या लोहाराच्या दृष्टीने पहिली दोन पाती घरची आहेत आणि तिसरे पाहुणे आहे. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

प्रथम धातूविषयी. तिन्ही पाती मोटार ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांतून काढलेली आहेत. यात एक विलक्षण विसंगती भरलेली आहे. 1950 च्या दशकापासून डिचोली परिसरातील डोंगर फोडून निघालेले लोहखनिज बार्जांतून मांडवीच्या वाटेने मुरगावला आणि तेथून फार मोठ्या प्रमाणावर जपानला जात राहिले. 2012 साली खाणी थांबल्या. पुढे 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, आणि अलीकडे लिलावाच्या मार्गाने हा धंदा पुन्हा हलू लागला आहे. या सर्व काळात ज्या तालुक्याने परदेशच्या भट्ट्यांना लोखंड पुरविले, त्या तालुक्यातील लोहाराला स्वत:च्या भट्टीसाठी त्याच मातीचे पोलाद कधी मिळाले नाही. त्याला मिळाला तो ट्रकचा मोडका पाटा. परंतु हा पाटा मुळीच कमी प्रतीचा नसतो. त्यात शंभर भागांत अर्ध्या भागाहून किंचित अधिक कार्बन असतो. साध्या सळईत तो याच्या निम्म्याहूनही कमी असल्यामुळे तिला पाणी धरत नाही. पाट्याला ते धरते.

‘पाणी’ हा शब्द येथे नीट समजून घेतला पाहिजे. लाल तापलेले पाते पाण्यात किंवा तेलात बुडविले की ते कठीण होते. पण त्याच वेळी काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते घासून चकचकीत करून पुन्हा हलकेच तापवितात. सुमारे 220 ते 230 अंशांवर पोलादावर गवताच्या वाळक्या काडीसारखा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि 300 अंशांच्या सुमारास निळा. पिवळ्यावर थांबवले तर धार कडक राहते. निळ्याकडे नेले तर पाते चिवट होते. लोहाराजवळ उष्णतामापक नसतो. तो रंग वाचतो, आणि योग्य क्षणी पाते आगीतून काढून घेतो. माझ्या मते पात्याच्या समीक्षेचे पहिले प्रमाण हे पाणी, दुसरे सांधा आणि तिसरे मूठ. नक्षी ही त्यानंतरची गोष्ट होय.

या प्रमाणांनी प्रथम अडकित्ता पाहू. त्यावर नक्षीचे नाव नाही. दोन दांड्या, एक सांधा, वरच्या दांडीला पाते, खालच्या दांडीला सुपारी बसण्यापुरती बैठक. सांधा एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला, आणि सुपारी सांध्याच्या शेजारी. म्हणून थोड्या बळाने कठीण फळ दुभंगते. हे सारे सांध्याच्या खिळ्यावर अवलंबून असते. खिळा सैल असेल तर पाते बाजूला सरकते आणि सुपारीचा चुरा होतो. फार घट्ट असेल तर हात दुखतो. या अडकित्त्याचा सांधा असा साधला आहे की, दांडी सोडली असता ती आपल्या भाराने सावकाश उतरते, आपटत नाही. सुपारीची खांडे सारखी पडतात आणि कापलेला भाग गुळगुळीत राहतो. बैठकीची कड मात्र थोडी अधिक घासावयास हवी होती. बोटाला ती टोचते. एवढा दोष सोडला तर वस्तू उत्तम आहे.

कोयती त्याहूनही सरस. तिची पाठ जाड, पोट पातळ, आणि बाक असा की फांदीवर घाव घातला असता पाते आपणहून आत ओढले जाते. पाठीच्या एका ठोक्यात नारळ फुटतो आणि हाताला झिणझिण्या येत नाहीत, कारण भार पुढच्या भागात नेमका तेथेच आहे जेथे तो असावयास हवा. दोन पावसाळे वापरून धारेला खांड पडलेली नाही. मूठ फणसाच्या लाकडाची, तळहाताच्या घामाने आता काळसर झालेली. या वस्तूत दोष काढावयाचा म्हटला तर शोधावा लागतो.

आता चाकू. दिसावयास तिघांत हाच देखणा आहे. मुठीवर पितळी ठिपके आहेत, पात्यावर रेघांची वेलबुट्टी आहे, आणि किंमत तिघांत याचीच अधिक होती. पण पाते उघडून आंब्याच्या सालीवर टेकले की ते डावी-उजवीकडे डोलते. मिटविताना टोक मुठीच्या तळाला लागते, त्यामुळे ते लवकरच बोथट झाले. खटका नाही, हा मी दोष मानीत नाही. फ्रान्समधील साव्हुआ प्रांतात जोझेफ ओपिनेल याने 1890 साली जो लाकडी मुठीचा चाकू काढला, त्यालाही प्रथम खटका नव्हता; पाते अडकविणारे फिरते कडे त्यास 1955 मध्ये बसविण्यात आले. जपानातील मिकी या गावचा ‘हिगोनोकामी’ चाकू तर आजही खटक्यावाचून आहे. पात्याच्या मागे आलेल्या लहानशा शेपटीवर अंगठा दाबून तो उघडा धरतात. पण त्याचा सांधा घट्ट असतो. आमच्या चाकूत उणीव आहे ती युक्तीची नव्हे, सांध्याची. आणि नवल हे की, ज्या हातांनी अडकित्त्याचा तो निर्दोष सांधा बसविला, त्याच हातांनी हा डोलणारा सांधा बसविला आहे.

असे का व्हावे? कौशल्याचा अभाव हे उत्तर उघडच खोटे आहे. आळस हेही उत्तर नव्हे, कारण वेलबुट्टीवर त्याने पुष्कळ श्रम घेतले आहेत. माझ्या मते उत्तर गिऱ्हाइकात आहे. कोयती नेणारा बागायतदार धारेला खांड पडली की आठ दिवसांत परत येतो आणि चारचौघांत बोलतो. अडकित्ता घेणारा वृद्ध दुकानात बसूनच दोन सुपाऱ्या कातरून पाहतो. चाकू घेतो तो बहुधा वाटेवरचा पाहुणा. तो नक्षी पाहून पैसे देतो आणि दूरच्या शहरी निघून जातो. चाकू डोलतो हे त्याला घरी गेल्यावर कळते, आणि ते सांगण्यासाठी तो डिचोलीला परतत नाही. परत येणारे गिऱ्हाईक हाच लोहाराचा खरा समीक्षक. तो जेथे आहे तेथे काम उत्तम आहे. तो जेथे नाही तेथे नक्षी वाढली आणि सांधा सुटला. चाकूचा दोष मी लोहाराला सांगितला तेव्हा त्याने रागावण्याऐवजी खिळा नखाने चाचपून पाहिला आणि विचारले, “हें पयलीं कोणें सांगूंक ना कशें?” या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनी द्यावयाचे आहे.

चाकूविषयी आपल्या मनात एक भीतीही आहे, तिचाही विचार करावयास हवा. हिंदी चित्रपटांनी रामपुरी चाकू खलनायकाच्या हाती दिला तेव्हापासून खिशातील पाते म्हटले की सभ्य माणूस दचकतो. जपानातही असे घडले. पूर्वी शाळकरी मुले हिगोनोकामीने पेन्सिली तासत. पण 1960 साली आसानुमा या राजकीय नेत्याची भर सभेत तलवारीच्या घावाने हत्या झाल्यानंतर मुलांच्या हातून पाती काढून घेण्याची चळवळ झाली आणि तो धंदा ओसरला. हत्या झाली तलवारीने, शिक्षा भोगली पेन्सिलीच्या चाकूने. आमचा 1959 चा शस्त्र कायदा याबाबतीत अधिक विवेकी आहे. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी घडविलेल्या वस्तू त्याने शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. वस्तू कोणत्या कामासाठी घडविली, हा प्रश्न कायदा विचारतो. समीक्षकानेही पहिला प्रश्न हाच विचारावा.

येथे कोणी म्हणेल की, जुनी बलुतेदारी हीच बरी होती. मला तसे वाटत नाही. त्या व्यवस्थेने लोहाराला जन्माने भट्टीशी बांधले आणि त्याच्या श्रमाचा मोबदला दुसऱ्यांच्या खळ्यावर ठरविला. ती परत यावी अशी इच्छा कोणत्याही न्यायी माणसाने करू नये. पण तिच्यात एक गोष्ट होती: वर्षभर ज्याचा नांगर आणि कोयता वापरला, त्याला सुगीच्या वेळी समोरासमोर भेटावे लागे. कामाचा हिशेब तोंडावर होई. ती व्यवस्था गेली हे चांगले झाले. तो हिशेबही तिच्याबरोबर गेला, हे चांगले झाले नाही.

आणि पुढील काळ अधिक कठीण आहे. सुपारी कर्करोगास कारण होते असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2004 साली जाहीर केले. त्यामुळे चंची मागे पडली तर त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण अडकित्त्याचा सांधा ज्या बोटांना साधला, त्या बोटांना दुसरे काम मिळाले पाहिजे. ते काम मिटत्या चाकूचे असू शकते, आणि आमच्या देवळांचेही. खंडेनवमीला आपण घरोघर हत्यारे मांडून गंध-फूल वाहतो. पेडण्याच्या दसऱ्याला तरंगे निघतात, कोजागरीच्या पुनवेला सारा तालुका लोटतो. पण पूजेस मांडलेल्या पात्यांपैकी गावच्या ऐरणीवरची किती, हे ज्याने त्याने आपल्या देवघरापुढे मोजून पाहावे. महाप्रसादाच्या स्वयंपाकाला विळ्या लागतात, ज्यांना कोकणीत आदोळी म्हणतात. कोयते लागतात, सुऱ्या लागतात. देवस्थानच्या समित्यांनी त्या जवळच्या लोहाराकडून घ्याव्यात, धार लावण्यास त्याच्याकडेच पाठवाव्यात, योग्य दाम द्यावे, आणि जे बिघडले असेल ते स्पष्ट सांगावे. केवळ कौतुकाने त्याचे भले होणार नाही.

माझा निर्णय असा: कोयती पहिली, अडकित्ता तिच्या पाठोपाठ, चाकू पुष्कळ मागे. मात्र चाकूचा खिळा लोहाराने आता पुन्हा ठोकून दिला आहे, आणि पाते पूर्वीपेक्षा कमी डोलते. अजून ते डोलते. पुढच्या खेपेस तेही त्याला सांगावयाचे आहे.