स्किल फाइल: नियम आहे, पण कारण कुठे आहे?

आमच्या गटाच्या रिपॉझिटरीत ४१० ओळींची एक फाइल आहे. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचा डेटा एआय कोडिंग एजंटकडून प्रोसेस करून घ्यायचा असेल तर त्यानं काय आणि कोणत्या क्रमानं करायचं, हे तिच्यात लिहिलंय. पुस्तकाचं परीक्षण करतात तसं आज या फाइलचं करणार आहे. तिच्यातल्या अर्ध्या ओळी माझ्याच आहेत, त्यामुळे कठोर व्हायला मला कुणाची परवानगी नको.

हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अँथ्रॉपिकनं ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘एजंट स्किल्स’ आणलं, डिसेंबरमध्ये ते खुलं मानक म्हणून जाहीर केलं आणि आता इतर कंपन्यांचे एजंटही ते वाचतात. एक फोल्डर असतो, त्यात ‘स्किल डॉट एमडी’ नावाची साधी मजकुराची फाइल. तिच्या डोक्यावर दोनच गोष्टी सक्तीच्या: नाव आणि वर्णन. सुरुवातीला एजंट तेवढंच वाचतो. हातातलं काम जुळतंय असं वाटलं तर खालचा मजकूर उघडतो आणि अगदी गरज पडली तर फोल्डरमधली संदर्भपानं आणि स्क्रिप्ट. म्हणजे वर्णनाच्या १०२४ अक्षरांत ‘हे कधी वापरायचं’ ते नीट आलं नाही, तर खालचं सगळं पांडित्य कपाटात बंद. आमचं पहिलं वर्णन होतं, ‘रेडिओ डेटासाठी मदत’. एजंट बहुतेक वेळा ते उघडायचाच नाही. आता तिथे एलटीए फाइल, जीएमआरटी, कॅलिब्रेशन, इमेजिंग असे शब्द आहेत, कारण काम सांगताना आम्ही हेच शब्द टाइप करतो.

चांगलं काय, ते आधी सांगते. दुर्बिणीकडून येणारी एलटीए फाइल ‘लिस्टस्कॅन’मधून काढायची, त्यातून आलेली लॉग फाइल तपासून नको ते स्कॅन वगळायचे, मग ‘जीव्हीफिट्स’नं फिट्स फाइल बनवायची. ही पायरी जगात मोजक्याच लोकांना लागते आणि एजंट नेमका तिथेच अडखळायचा. आमच्या फाइलनं हे १२ ओळींत मार्गी लावलंय. त्याच्या वरच्या ९० ओळी मात्र इंटरफेरोमेट्री म्हणजे काय यावर खर्ची पडल्यात. त्या मी माझ्या कोर्सवर्कच्या सेमिनारमधून उचलून टाकल्या होत्या. मॉडेलला हे सगळं आधीच येतं. त्या ओळी एजंटसाठी नव्हत्याच, मला येतं हे दाखवण्यासाठी होत्या. काढून टाकल्या, काहीही बिघडलं नाही.

खरी गोम २१३व्या ओळीत होती: ‘टीक्लीनमध्ये एनटर्म्स १ ठेवा.’ बस, एवढंच.

‘टीक्लीन’ हे कासा या सॉफ्टवेअरमधलं प्रतिमा तयार करणारं टास्क. एनटर्म्स १ म्हणजे स्रोताची तीव्रता संपूर्ण बँडभर एकच आहे असं धरून चालणं. हे खरं नसतंच, पण किती खोटं ते बँडच्या रुंदीवर ठरतं. गणित करून बघा. तीव्रता वारंवारतेच्या -०.८ घातानं बदलणारा स्रोत घ्या, म्हणजे रेडिओ आकाशात रोज भेटणारा. जुन्या जीएमआरटीची बँडविड्थ ३२ मेगाहर्ट्झ होती. ६१० मेगाहर्ट्झच्या आसपास एवढ्या पट्ट्यात तीव्रता या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ४ टक्के बदलते. चालून जातं. अद्ययावत जीएमआरटीचा बँड ३ मात्र २५० ते ५०० मेगाहर्ट्झ. वारंवारता दुप्पट, म्हणून तीव्रतेत २ चा ०.८ घात, म्हणजे १.७४ पट फरक. इथे बँडभर एकच आकडा धरला की न बसलेला भाग तेजस्वी स्रोताभोवती कडी आणि किरणांसारखा उरतो.

ती ओळ लिहिणारी सीनियर चुकली नव्हती. तिचा प्रबंध जुन्या डेटावर होता आणि तिथे १ पुरेसं होतं. तिच्या वहीतल्या नोंदी आम्ही एका दुपारी जशाच्या तशा स्किलमध्ये ओतल्या. वहीच्या मुखपृष्ठावर ‘६१०, ३२ मेगाहर्ट्झ’ असं लिहिलेलं होतं. मुखपृष्ठ कोण टाइप करतं?

मी दीर्घिकांच्या समूहात अंधुक, पसरट रेडिओ उत्सर्जन शोधते. माझ्या समूहाशेजारी नेमका एक तेजस्वी स्रोत आहे. एजंटनं प्रतिमा करून दिल्या, त्यात पसरट असं काहीतरी दिसलं. मी हरखले. तीव्रता मोजली, पेपरच्या ड्राफ्टमधल्या तक्त्यात आकडा बसवला. गाइडनी प्रतिमा पाहिली आणि शांतपणे विचारलं, “हे सगळं त्या सोर्सभोवती गोल का फिरतंय?” सहा आठवड्यांचं काम होतं ते. नंतर गंमत म्हणून स्किल बंद करून तोच डेटा त्याच एजंटला दिला. त्यानं आपणहून एनटर्म्स २ घेतलं आणि माझ्या पसरट उत्सर्जनाचा बराचसा भाग गायब झाला. म्हणजे फाइल नसती तर काम बरं झालं असतं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

जुना नियम मोडतो तेव्हा दोन प्रकारे मोडतो. कासा ६ मध्ये ‘क्लीन’ हे जुनं टास्क काढून टाकलंय, त्यामुळे एखाद्या नियमात ते राहिलं तर पहिल्याच मिनिटाला एरर येते. असा नियम मला आवडतो, ओरडतो तरी. एनटर्म्स १ ओरडत नाही, सुबक प्रतिमा देतो.

हा किस्सा मारुंजीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, पाण्याच्या टँकरची वाट बघताना बाबांना सांगितला. बाबा चाकणच्या एका पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात २६ वर्षं होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “रिव्हिजन नंबर काय होता?” त्यांच्या प्रत्येक मशीनवर कामाच्या पद्धतीचा लॅमिनेट केलेला कागद लटकायचा. त्यावर रिव्हिजन, तारीख, बनवणाऱ्याची सही, मंजुरी देणाऱ्याची सही. ऑडिटर आला की कागदावरचा मजकूर नंतर, आधी जुनी प्रत कुठे लटकत राहिलीय का ते बघायचा. “आणि तरीही,” बाबा म्हणाले, “ऑपरेटर जुना असला की कागद चुकलाय हे त्याला हाताला कळायचं. तो सुपरवायझरला हाक मारायचा.”

एजंट हाक मारत नाही. त्याला बरोबर उत्तर माहीत होतं, तरी त्यानं आमची आज्ञा पाळली, कारण आज्ञेसोबत कारण नव्हतं आणि मर्यादाही नव्हती. इथे माझी तक्रार मानकाबद्दलही आहे. त्यात आवृत्ती लिहायची सोय आहे, पण ऐच्छिक माहितीच्या रकान्यात. ‘हा नियम शेवटचा कधी आणि कोणत्या डेटावर तपासला’ असा रकानाच नाही. चाकणच्या शॉप फ्लोअरवर असा कागद लावूच दिला नसता. रुता काळे आणि ईश्वर-चंद्र यांची जीएमआरटीसाठीची ‘कॅप्चर’ पाइपलाइन (२०२१) पाहा: बदलण्याजोगे पॅरामीटर वेगळ्या कॉन्फिग फाइलमध्ये आहेत आणि सोबत पेपर आहे, म्हणजे अमुक आकडा का, हे शोधायला जागा आहे.

आता २१३वी ओळ अशी आहे: ‘बँडविड्थ ३२ मेगाहर्ट्झ किंवा कमी असेल तरच एनटर्म्स १, रुंद बँडला २, कारण बँडभर तीव्रता बदलते, शंका आली तर थांबून विचारा.’ गटातल्या एकाचं म्हणणं, कारणं संदर्भाच्या फाइलमध्ये हलवूया, मुख्य फाइल ५०० ओळींच्या आत ठेवण्याची शिफारस आहे. मला पटत नाही. संदर्भाची फाइल एजंट उघडेलच याची खात्री नाही. कारण नियमाला चिकटूनच हवं. जागा हवी असेल तर माझ्या त्या ९० ओळींसारखं काहीतरी अजून सापडेल. मध्यंतरी मी कारणं मराठीत लिहून पाहिली. एजंटला व्यवस्थित कळली, गटातल्या मल्याळी मित्राला नाही, आणि नियम बदलायचा अधिकार त्यालाही आहे. परत इंग्रजीत केली.

दर महिन्याला एका लहान, उत्तर माहीत असलेल्या डेटावर आम्ही काम दोनदा चालवतो, एकदा स्किलसह, एकदा स्किलशिवाय. ज्या नियमामुळे काहीच बदलत नाही तो काढतो. ज्यामुळे उत्तर बिघडतं त्याचा इतिहास शोधतो. कंटाळवाणं काम आहे आणि याचा पेपर होत नाही. तुम्ही पीएचडीला लागाल तेव्हा अशी एक फाइल बहुधा तुमच्याही हाती येईल. पहिल्या आठवड्यात ती चालवू नका, वाचा, आणि प्रत्येक नियमापुढे ‘का?’ लिहून सीनियरला भंडावून सोडा. ते निघून गेल्यावर विचारणार कुणाला?

आमच्याकडे अशी एक ओळ अजून शिल्लक आहे. एका अँटेनाची पहिली दहा मिनिटं वगळायला सांगणारी. कुणालाच कारण माहीत नाही. सीनियर आता परदेशात पोस्टडॉक करते, तिला मेल केलाय. तोपर्यंत मी त्या ओळीपुढे लिहून ठेवलंय: ‘कारण माहीत नाही.’ काल रात्री एजंट तिथे येऊन थांबला आणि त्यानं विचारलं, हा नियम पाळायचा आहे का?